देऊळ, विहीर आणि गावाचा हिशेब

(कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदैवताच्या कृपेने व सर्वांच्या सहकार्याने आज कळस चढला. गळका सभामंडप, वाळवीने पोखरलेले खांब आणि पावसाळ्यात हरिपाठाला बसताना डोक्यावर धरावी लागणारी घोंगडी, हे सारे आता इतिहासजमा झाले. कोणी किती वर्गणी दिली ह्याची यादी पुस्तिकेच्या अखेरीस छापलेली असल्याने येथे नावांचा पुनरुच्चार नको. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, ज्यांच्यापाशी रोख रक्कम नव्हती त्यांनी दगड उतरवून घेतले, बांधकामावर पाणी मारले, कामावरच्या माणसांना दोन वेळा चहा करून दिला. त्यांची नावे यादीत नाहीत, कारण यादीला रुपयांचा रकाना होता, मेहनतीचा नव्हता.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर समितीच्या जमाखर्चाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू या. खर्चाच्या बाजूचे आणखी दोन भाग पाडावेत. एका भागात गावात राहिलेला पैसा लिहावा व दुसऱ्यात गावाबाहेर गेलेला. सिमेंट, लोखंड, फरशी, रंग, शिखराच्या घडणावळीसाठी बाहेरून आलेले कारागीर ह्यांची रक्कम दुसऱ्या भागात जाईल. पहिल्या भागात काय उरते? वाळू-दगडाची ट्रॅक्टर वाहतूक, थोडी गवंडीकामाची मजुरी, भंडाऱ्याची भाजी. ह्यात दोष कोणाचाही नाही. शिखर घडविणारा पाथरवट गावात नसेल तर तो बाहेरूनच आणावा लागतो. पण हाच हिशेब प्रत्येक घराने आपापल्या चुलीपाशी बसून केला तर काय दिसेल? तेल, साखर, साबण, कापड, शाळेची फी, दवाखाना, पेट्रोल, मोबाईलचा रिचार्ज, जनावरांची पेंड, खत, बियाणे, सारे दुसऱ्या भागात. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेला रुपया परत येतो तो मनिऑर्डर होऊन, म्हणजे आपलाच मुलगा परगावी राबून पाठवितो तेव्हा. आता मनिऑर्डरीऐवजी पैसे बँकेच्या खात्यावर येतात एवढाच फरक.

गावाचा उद्योग वाढावा, तरुणांना गावातच चार पैसे मिळावेत, असे प्रत्येक सभेत बोलले जाते. ते घडते कसे, ह्याचे उदाहरण आज देवळासमोर द्यावयाचे तर देवळापासून सुरू झालेलेच द्यावे. असे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे व त्याचा पुष्कळ गवगवाही झालेला आहे. मात्र जे कानी पडते ते बहुधा फक्त माणसाचे नाव असते. काम कोणत्या क्रमाने झाले, पैसा कोठून आला व कोठे गेला, ह्याची चर्चा कमी होते.

ते गाव म्हणजे पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी पाऊस साधारण चारशे ते पाचशे मिलिमीटर, तोही कधी आला, कधी न आला. जो येई तो डोंगरउतारावरून माती घेऊन निघून जाई. विहिरी उन्हाळ्यापूर्वीच कोरड्या पडत. पिकलेले धान्य गावाला वर्षभर पुरत नसे. पुष्कळ माणसे आसपासच्या गावांत मजुरीला व खडी फोडण्याच्या कामावर जात.

अशा गावात धंदा नव्हता असे मात्र समजू नये. धंदा होता व तो चांगला चालत होता. गावात तीस-चाळीस दारूच्या भट्ट्या होत्या. आजच्या भाषेत ज्याला उद्योजकता म्हणतात ती तेथे भरपूर होती. कच्चा माल आणणे, भांडवल उभे करणे, गिऱ्हाईक राखणे, पोलिसांची नजर चुकविणे, हे काही आळशी माणसाचे काम नव्हे. पण ह्या धंद्याला सरपण लागे आणि आसपास झाडे उरली नव्हती. तेव्हा गावातील संत यादवबाबांच्या देवळाच्या फळ्या व लाकडे काढून नेऊन ती भट्टीत घालण्यात आली. गावाने आपले देऊळ जाळून दारू गाळली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९७५ साली ह्या गावचे किसन बाबुराव हजारे सैन्यातून निवृत्त होऊन परत आले. सैन्यात ते वाहनचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांचे सोबती मारले गेले व ते स्वतः वाचले. लग्न केलेले नव्हते. हाती फंडाचे वगैरे मिळून वीस हजारांच्या आसपास रुपये आले होते. ते त्यांनी शेतीत घातले नाहीत, व्याजीही लावले नाहीत. पडके देऊळ बांधावयास काढले. प्रथम लोकांना हा खुळेपणाच वाटला असणार. घरातून एक पैसा न मागता कोणी देऊळ बांधू लागतो, तेव्हा गावाला आधी संशय येतो, हा कोठल्याही गावचा अनुभव आहे. पण काम दिसू लागले तशी माणसे येऊ लागली. कोणी झाड दिले, कोणी बैलगाडी दिली, तरुण पोरांनी अंगमेहनत दिली. त्या पोरांचे पुढे तरुण मंडळ झाले. हजारे देवळालगतच्या खोलीतच राहू लागले.

देऊळ बांधून गावात एक रुपयाचेही उत्पन्न वाढले नाही. मग देवळाने काय केले? त्याने गावाला बसावयास जागा दिली व एकत्र मिळून काम पुरे केल्याचा अनुभव दिला. दारूबंदीचा निर्णय गावाने देवळात बसून घेतला. कायद्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास अशा ठरावाला फारसा जोर नसतो. पण देवळात दिलेल्या शब्दाला गावात जोर असतो. तीसावर भट्टीवाल्यांनी आपणहोऊन भट्ट्या बंद केल्या. जे ऐकेनात त्यांच्या भट्ट्या तरुणांनी मोडल्या. दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्याचा प्रकारही त्या काळी झाला. ही गोष्ट लपविलेली नाही, पण त्यावर टीका झाली व ती व्हावयासच पाहिजे. माणसाला बांधून मारण्याचा अधिकार गावाला नाही, हेतू कितीही चांगला असो. राळेगणचे कौतुक करणाऱ्याने हे पान गाळू नये.

तरी दारू बंद केल्याने पोट भरत नाही. भट्टी गेली, आता खावयाचे काय? येथेच पुष्कळ गावांची दारूबंदी कोलमडते. ज्याची भट्टी बंद केली त्याला दुसरे काम न दिल्यास वर्षभरात तो पुन्हा तेथेच येतो किंवा शेजारच्या शिवारात भट्टी लावतो. राळेगणात ह्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात शोधले गेले.

त्यासाठी पुरंदर तालुक्याकडे जरा वळावे लागेल, आणि योगायोग असा की तेथेही देवस्थानचाच संबंध येतो. विलासराव साळुंखे हे पुण्यातील कारखानदार, अभियंते. अचूक मोजमापाची उपकरणे करण्याचा त्यांचा व्यवसाय. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदरच्या बाजूला खडी फोडणारी हजारो माणसे पाहिली. दुष्काळी कामावरची मजुरी संपली की ही माणसे पुन्हा तेथेच, हे त्यांच्या ध्यानात आले. १९७४ साली त्यांनी नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन खंडाने घेतली आणि तेथे बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी तळे केले, विहीर खणली व पाणी उचलून शेताला दिले. जी जमीन फुकट दिली तरी कोणी घेतली नसती ती पिकू लागली. आजूबाजूचे शेतकरी पाहावयास आले व ह्यातून पाणी पंचायतीची कल्पना निघाली.

तिचे नियम हिशेबाचे आहेत, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटावयाचे नाही, घरातील माणसांवर वाटावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, व एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी रोख भरावयाचा. निम्मी रक्कम सरकारी अनुदानातून व उरलेली संस्थेकडून बिनव्याजी, अशी मांडणी होती. ह्यातील शेवटच्या कलमाचे महत्त्व मोठे आहे. स्वतःचा पाचवा हिस्सा घातलेला माणूस पंप नादुरुस्त झाला की रात्री कंदील घेऊन विहिरीवर जातो. फुकट मिळालेल्या पंपासाठी तो पंचायत समितीला अर्ज करतो.

हजारे ह्यांनी साळुंख्यांचे काम पाहिले व त्यापासून धडा घेतला. राळेगणात एक पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हते. झिरपा चुकीच्या ठिकाणी होता. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि खालच्या बाजूच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले. जुन्या माणसांनाही असे पाहिल्याचे आठवत नव्हते. भाषणे देऊन जे झाले नसते ते ह्या सात विहिरींनी केले. पुढे नाला बांध, समपातळी चर, ओघळींचे बांध, सिमेंटचे बंधारे, गॅबियनचे बंधारे अशी कामे वर्षानुवर्षे चालली. नाला बांधच चाळिसाच्या वर झाले. डोंगरावर चराई बंद, कुऱ्हाड बंद. लाखांवर झाडे लावली गेली. पैसा पुष्कळसा सरकारी योजनांचाच होता, हे विसरता कामा नये. मजुरी सरकारची व देखरेख गावाची, असा तो मेळ होता. योजना तर प्रत्येक तालुक्याला येतात. बांधाची माती दाबली की नाही, हे पाहावयाला गावातील माणूस उभा असतो की नाही, एवढ्यावर त्या बांधाचे आयुष्य ठरते.

पाणी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. विहिरीला पाणी दिसले की पहिला विचार उसाचा येतो, आणि तो स्वाभाविक आहे. त्याच जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या खटपटीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. धनंजयराव गाडगीळ ह्यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष होता. त्या कारखान्याने लहान बागायतदाराला सावकाराच्या व खाजगी कारखानदाराच्या तावडीतून सोडविले, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु कालव्याखालच्या गावाचा धडा कोरडवाहू गावाने जसाच्या तसा गिरविला तर चार घरांचा ऊस होतो व चाळीस घरांच्या विहिरी आटतात. राळेगणने उसासारखी फार पाणी पिणारी पिके वर्ज्य केली व कडधान्ये, तेलबिया, कांदा असली पिके घेतली. दुसरे पीक येऊ लागल्याने मजुरीला बाहेर जाणे कमी झाले. चारा झाला म्हणून दूध वाढले.

दुधाचा हिशेब येथे जरा मांडून पाहू. समजा, एखाद्या गावात दिवसाला पाचशे लिटर दूध जमते व लिटरला तीस रुपये मिळतात. दिवसाचे पंधरा हजार, महिन्याचे साडेचार लाख रुपये गावात आले. आता चारा विकतचा असेल, पेंड विकतची असेल, तर ह्यातील निम्म्याहून अधिक रक्कम त्याच महिन्यात दुसऱ्या रकान्यात जाते, आणि गायवाल्याच्या हाती शेणच उरते. चारा बांधावरचा व डोंगरावरचा असेल तर तीच रक्कम गावात थांबते. म्हणजे दुधाचा धंदा सुरू होतो तो डेअरीच्या काट्यापाशी नव्हे, डोंगरावरच्या चराईबंदीपाशी. हे उलट्या क्रमाने करणारी गावे आपल्या पाहण्यात आहेत. आधी कर्ज काढून संकरित गाई आणल्या, मग चाऱ्याला पाणी नाही म्हणून त्या निम्म्या किमतीत बाजारात गेल्या. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरिबांना म्हशी-शेळ्यांसाठी कर्ज व अनुदान मिळाले, तेव्हाही ठिकठिकाणी हेच घडले. म्हैस विकली गेली व कर्ज राहिले.

राळेगणात आणखी एक गोष्ट झाली ती धान्य बँकेची. १९८० च्या सुमारास देवळातच ती सुरू झाली. ज्यांच्याकडे धान्य शिल्लक होते त्यांनी ते दिले. अडलेल्या कुटुंबाने तेथून धान्य न्यावयाचे व सुगी झाल्यावर घेतलेले धान्य आणि वर थोडे जादा परत आणावयाचे. सावकाराच्या दारी जाणे त्यामुळे टळले. लहान शेतकरी अडचणीत सापडतो तो बहुधा पेरणीच्या तोंडाला व लग्नसराईत. म्हणून लग्नेही एकत्र लावण्याची पद्धत पाडली. सामुदायिक लग्नात स्वयंपाक व वाढप तरुण मंडळ करी. मांडव, भांडी, लाऊडस्पीकर हे साहित्य मागासवर्गीय तरुणांनी घेतले होते, म्हणजे त्यांना त्यातून काम मिळाले. दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज थकले तेव्हा इतर गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात श्रमदानाने पीक काढून ते फेडले. हे सर्व दानधर्माच्या सदरात टाकून मोकळे होता येईल. पण जरा व्यवहाराने पाहा. कर्जातून सुटलेले कुटुंब पुन्हा पेरते, गावात मजुरी देते, गावातल्या दुकानात खरेदी करते. थकबाकीदार कुटुंब गाव सोडते, व त्याचे उरलेले देणे गावाच्या संस्थेच्या बोकांडी बसते.

सरकारने हजारे ह्यांना १९९० साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण दिले. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारने आदर्श गाव योजना काढली. ह्या योजनेतील सर्वच गावे राळेगण झाली असे कोणी म्हणणार नाही. कारण योजनेचे पुस्तक पाठविता येते, माणसांचा आपसातला विश्वास टपालाने जात नाही. ज्या गावाने हे पुढे नेले त्यात त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार अग्रेसर आहे. तेथे १९८९ साली पोपटराव पवार हे एम. कॉम. झालेले तरुण सरपंच झाले. शिकलेल्या मुलाने गावात राहावे ह्याला घरचे लोक सहसा राजी नसतात, हे येथे जमलेल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे.

हिवरे बाजारची विशेष गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी मोजावयाची आणि ग्रामसभेत वाचून दाखवावयाची. पिण्याला इतके, जनावरांना इतके, उरले ते शेतीला. त्यावरून रब्बीला काय पेरावयाचे ते ठरते. पाऊस कमी झाला तर दुसरे पीक कमी करावयाचे, व हे सर्वांना सारखे लागू. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी, ऊस-केळीस बंदी, बाहेरच्यास जमीन विकण्यास बंदी. डोंगरावरचे गवत विळ्याने कापून न्यावयाचे व त्याचे ठरलेले पैसे ग्रामपंचायतीत भरावयाचे. १९९० नंतरच्या दशकात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे काही हजार लिटरांवर गेले, आणि पोटासाठी शहरात गेलेली कुटुंबे परत आली. पवार ह्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्या गावाविषयी. येथे बसलेल्या तरुणांपैकी निम्म्यांच्या मनात एकच प्रश्न असेल. धरणे-बंधारे ठीक, पण दहावी-बारावी झालेल्या मुलाने उद्या सकाळी काय करावयाचे? प्रश्न रास्त आहे. ह्याचे उत्तर म्हणून योजनांची नावे सांगण्याचा प्रघात आहे. योजना वाईट नाहीत, पण त्या काय देतात हे नीट ठाऊक नसल्याने फसगत होते. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचेच पाहा. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या पंचवीस टक्के व महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक आदींना पस्तीस टक्के अनुदान, असे त्यात ठरविले गेले. लोक काय ऐकतात? की पस्तीस टक्के पैसे हातात मिळणार. वास्तविक ती रक्कम बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते व धंदा चालू राहिला तरच कर्जात जमा होते. हे न समजता ज्याने यंत्र घेतले, त्याला पहिल्या सहा महिन्यांत खेळते भांडवल कमी पडते. पिठाची गिरणी येते, पण विजेचे बिल भरावयाला पैसे नसतात.

दुसरी अडचण कागदाची. विहिरीसाठी, गोठ्यासाठी, शेडसाठी कर्ज मागावयास गेले की सात-बारा व आठ-अ लागतो. सात-बारावर आजोबांचे नाव तसेच, वारसांची नोंद नाही, चार चुलते सामाईक, त्यांपैकी एक सुरतेला व एक रुसलेला. सर्वांच्या संमतीच्या सह्या नाहीत म्हणून कर्ज नाही. अनेक घरांत धंद्याची कल्पना चांगली असते, हिंमत असते, आणि सारे अडते ते पन्नास वर्षांपूर्वी न केलेल्या एका वारस नोंदीपाशी. घरातील म्हातारे माणूस गेल्यावर तेराव्याचा खर्च कोणी चुकवीत नाही. तलाठ्याकडे तीन महिन्यांत वारसाचा अर्ज देणे मात्र दहा घरांपैकी सात घरे विसरतात. जीर्णोद्धारासाठी जशी घरोघर फेरी काढली तशी एक फेरी ह्या कामासाठी काढली, तर तिला सिमेंट लागणार नाही की लोखंड लागणार नाही.

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची. बचत गटाच्या भगिनींनी पापड-लोणची करावीत असे सर्वच जण सुचवितात. पण प्रत्येक गावचा गट पापडच करू लागला तर ते खाणार कोण? आधी आपल्या गावात बाहेरून काय येते ते पाहावे. रोज सकाळी तालुक्याहून पाव येतो, अंडी येतात, जनावरांचे खाद्य येते. शाळेचे गणवेश शहरात शिवले जातात. लग्नाचा मांडव, भांडी, वाजंत्री सारे बाहेरचे. मोटारपंप जळाला की रिवाइंडिंगसाठी तालुक्याला न्यावा लागतो, तेथे चार दिवस मोडतात आणि तोवर पीक सुकते. ह्यातील प्रत्येक वस्तूमागे एका घरापुरते काम आहे. गिऱ्हाईक शोधावयास पुण्या-मुंबईला जावे लागत नाही, ते रोज देवळासमोरून जाते. पंपाचे वाइंडिंग शिकण्यास आयटीआय आहे. असे काम करणाऱ्या मुलाला मोठा पगार मिळणार नाही, हेही खरे. पण खोलीभाडे वाचते, आईबापांची देखभाल होते, आणि त्याने मिळविलेला रुपया आधी पहिल्या रकान्यात पडतो.

येथे शेजाऱ्याच्या हिशेबीपणाचीही गरज आहे, आणि ती गोष्ट बोलावयास जरा अवघड आहे. गावातील मुलाने दुकान टाकले की त्याच्याकडे उधारी करावयाची व रोख खरेदी तालुक्याच्या बाजारात करावयाची, ही आपली जुनी रीत आहे. तालुक्याचा दुकानदार उधार देत नाही म्हणून त्याला रोख, आणि आपला पोरगा तोंडावर नाही म्हणत नाही म्हणून त्याला उधार. गावातली निम्मी दुकाने स्पर्धेने बुडत नाहीत, ह्या उधारीने बुडतात. जीर्णोद्धाराच्या वर्गणीत एकही रुपया बुडाला नाही, कारण देवाची उधारी कोणी ठेवली नाही. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या पोराचीही ठेवू नये.

समितीपुढे एक विषय शिल्लक आहे. सर्व देणी भागवून थोडी रक्कम उरली आहे. तिच्यातून प्रवेशद्वारावर कमान करावी असे काहींचे म्हणणे आहे, व कमान शोभेलही. काहींनी असे सुचविले आहे की, ती रक्कम व येत्या सुगीचे घरटी पायली-दोन पायली धान्य मिळून जुन्या ओवरीत धान्य बँक सुरू करावी, आणि गावच्या ओढ्यावरचा फुटका बंधारा एप्रिल-मेमध्ये श्रमदानाने दुरुस्त करावा. दोन्ही सूचना इतिवृत्तात नोंदविलेल्या आहेत. निर्णय येत्या बैठकीत व्हावयाचा आहे व तो सर्वांनी मिळूनच घ्यावा. ओढ्याच्या खालच्या बाजूला नऊ विहिरी आहेत. त्यांतील सहा दरवर्षी मार्चमध्ये आटतात. बैठकीला येताना ज्याच्या त्याने आपल्या विहिरीची पाण्याची पातळी मोजून, ती चिठ्ठीवर लिहून आणावी, अशी समितीची विनंती आहे.

तत्पूर्वी ज्यांना राळेगण पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य जाऊन यावे. पुणे-नगर रस्त्याने शिरूर ओलांडल्यावर वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत जावे लागते. पावसाळ्यात सारेच गाव हिरवे दिसते, म्हणून जाणे उन्हाळ्यातच करावे. यादवबाबांचे दर्शन घ्यावे, आणि मग देवळापाशीच न थांबता शिवारात जाऊन बांध पाहावेत व विहिरींत डोकावून पाहावे. जाताना बरोबर एखादा गवंडी व एखादा विहीर खणणारा असावा. दूध घालण्याच्या वेळेपर्यंत थांबता आले तर अधिक बरे.